विज्ञानाचा विद्यार्थी आणि बाजाराची वाट

(विज्ञान-शिक्षक, विस्तार अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या संयुक्त उद्‌बोधन वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी मिळविलेला तरुण गावी परत आला आणि सरपंचांनी त्याला सहज विचारले, "बाबा रे, एवढी वर्षे शिकलास, त्याचा गावाला उपयोग काय?" तर बहुधा तो गप्प बसतो. त्याचे शिक्षण वाया गेलेले असते असे नव्हे. पाण्याचा कठीणपणा त्याला मोजता येतो, मातीचा सामू काढता येतो, दुधातील भेसळ ओळखता येते, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दाखविता येतात. परंतु या ज्ञानाची नेमकी कोणाला गरज आहे, ती गरज असणारा माणूस त्यासाठी किती मोल देईल, तेच काम वर्षभर न चुकता करावयाचे तर खर्च किती येईल आणि कायद्याने त्यासाठी कोणाची अनुमती लागते, हे चार प्रश्न पदवीच्या परीक्षेपर्यंत त्याला कोणी विचारलेलेच नसतात. उत्तरपत्रिका संपली की त्याच्या लेखी विज्ञानही संपते, आणि मग तो पोलीस भरतीच्या किंवा लिपिकाच्या जागेच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतो.

या चार प्रश्नांना आज 'नवसंशोधनाचे व्यवस्थापन' आणि 'व्यापारीकरणाचे कौशल्य' अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. नावे मोठी असल्यामुळे हा विषय मुंबई-पुण्याच्या व्यवस्थापन संस्थांचा आहे, तालुक्याच्या महाविद्यालयाचा नव्हे, असा समज पसरला आहे. तो समज चुकीचा आहे. हा विषय विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या टेबलावरच शिकविता येतो. किंबहुना तेथेच तो खऱ्या अर्थाने शिकविला जाऊ शकतो.

बडोद्याचा आणि कलकत्त्याचा दाखला

हा विचार परदेशातून आलेला नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास 'कलाभवन' स्थापन झाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम आणि चित्रकला यांसारखे विषय देशी भाषांतून शिकवावेत हा त्यामागचा हेतू होता. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९६ साली चाफेकरांनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा इतरांना न साधलेले ते डाग काढण्याचे काम याच गज्जरांनी केले. राष्ट्रीय भावनेच्या दृष्टीने त्या घटनेचा अर्थ काहीही असो, रसायनाचे ज्ञान असलेल्या माणसाकडे समाज आपली अडचण घेऊन येतो आणि ती सुटली म्हणजे तिचे मोलही देतो, ही गोष्ट त्या प्रसंगाने दाखवून दिली. पुढे १९०७ साली गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी अलेंबिक हा रासायनिक कारखाना सुरू केला. प्राध्यापक आणि त्यांचे शिष्य मिळून कारखाना काढतात, ही घटना आजही बातमी व्हावी अशी आहे. ती एका शतकापूर्वीच घडली आणि त्यात मराठी नावाचाही वाटा होता.

कलकत्त्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात यशाइतकीच फजितीही आहे. एडिंबरोहून पदवी घेऊन आलेल्या या प्राध्यापकाने अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर भाड्याच्या घरात औषधे तयार करण्याचा उद्योग आरंभिला. फॉस्फेटसाठी हाडे हवीत म्हणून त्यांनी खाटकांकडून पोती भरून हाडे आणविली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. अवेळी पाऊस आला, हाडांना चिकटलेले मांस कुजले, किडे पडले, कावळ्यांची झुंबड उडाली आणि शेजारी संतापले. हाडांपासून फॉस्फेट कसे काढावे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात होते. हाडे ठेवावयाची कोठे, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. माल तयार झाल्यावरची अडचण तर याहून मोठी होती. औषधविक्रेते देशी मालाकडे ढुंकूनही पाहत नसत. ती कोंडी फुटली ती अमूल्यचरण बोस या डॉक्टर मित्रामुळे. त्यांनी कलकत्त्यातील डॉक्टरांना ही औषधे लिहून देण्यास प्रवृत्त केले. रुग्णाच्या हाती चिठ्ठी पडू लागली, तेव्हा विक्रेत्यांना माल ठेवणे भाग पडले. १९०१ साली या धडपडीतून 'बेंगॉल केमिकल' ही मर्यादित कंपनी उभी राहिली. औषध पितो रुग्ण, ठेवतो दुकानदार आणि ठरवितो डॉक्टर. तेव्हा पहिला ग्राहक कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. आचार्यांनी तो पदरच्या पैशाने सोडविला. आजच्या विद्यार्थ्याला तो वर्गात तरी विचारला गेला पाहिजे.

पाकिटातील जिवाणू

तालुक्याच्या महाविद्यालयात हे कसे शिकवावे, यासाठी एकच वस्तू घेऊन तिचा प्रवास शेवटपर्यंत पाहणे बरे. सोयाबीनच्या पट्ट्यातील एखादे महाविद्यालय डोळ्यांसमोर आणावे. तेथील सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी पीक फुलोऱ्यात असताना रोप उपटून आणतो, मुळांवरील गुलाबी गाठी निर्जंतुक करून चिरडतो आणि काँगो रेड घातलेल्या माध्यमावर रायझोबियम जिवाणूंची वाढ करतो. हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. वसाहती उगवल्या, आकृती काढली, शिक्षकांनी वहीवर सही केली की जिवाणू मोरीत आणि वही कपाटात जाते. खरे शिक्षण सुरू व्हावयाचे ते येथून.

याच जिवाणूंचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्यास चोळण्यासाठी शेतकरी विकत घेतो. एकरी तीस किलो बियाणे धरले तर तीन पाकिटे लागतात. मग हे पाकीट आपणच करून पाहावे, असे विद्यार्थ्यांना सांगावे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात येते की अडीचशे मिलिलिटरच्या चंबूत जे सुखाने वाढते ते पन्नास लिटरच्या भांड्यात वाढेलच असे नाही. तेथे हवा तळापर्यंत पोहोचवावी लागते, उष्णता बाहेर काढावी लागते, आणि एक चुकार बुरशीकण शिरला तर सारे भांडे ओतून द्यावे लागते. चंबू बिघडला तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. भांडे बिघडले तर माध्यम, इंधन आणि आठवडा, तिन्ही जातात. 'मोठ्या प्रमाणावर उत्पादन' या शब्दांचा अर्थ व्याख्यानाने कळत नाही, तो असा कळतो.

भांडे साधले तरी प्रश्न संपत नाही. जिवाणू लिग्नाइटच्या भुकटीत मिसळून पाकिटात भरावयाचे असतात आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते जिवंत राहिले पाहिजेत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला, तेव्हापासून भुकटीच्या स्वरूपातील अशा खतात प्रतिग्रॅम किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. पाकीट भरताना ही संख्या गाठणे फारसे अवघड नाही. परंतु पाकीट भरले जाते माघ-फाल्गुनात आणि उघडले जाते मृगात. मधल्या काळात ते असते कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याच्या छपराखाली, वैशाखाच्या उन्हात, कदाचित कीटकनाशकांच्या खोक्याला टेकून. म्हणून विद्यार्थ्यांना सांगावे की पाकिटांचे तीन गट करा. एक गट शीतकपाटात, दुसरा प्रयोगशाळेच्या फडताळात आणि तिसरा गावातील खऱ्याखुऱ्या दुकानात ठेवा, आणि दर महिन्याला प्रत्येक गटातील जिवंत जिवाणू मोजा. जूनपर्यंत जो आलेख तयार होईल, तो त्या विद्यार्थ्याच्या तीन वर्षांतील सर्वांत मोलाचा आलेख ठरेल. तोच दुकानदाराला दाखवून माल सावलीत ठेवण्याची विनंती करता येईल, त्यावरूनच पाकिटावर किती मुदत छापावी हे ठरेल, आणि उत्पादन फेब्रुवारीत करावे की एप्रिलमध्ये, हेही तोच सांगेल. सौम्यीकरण आणि वसाहत-गणना या ज्या दोन कसरती विद्यार्थी एरवी कंटाळून करतो, त्यांना येथे अर्थ प्राप्त होतो.

आता हिशेब. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. एक हजार पाकिटे केली, प्रत्येकी अठरा रुपये खर्च आला आणि विक्री पंचवीस रुपयांना ठरली. विद्यार्थी आनंदाने सात हजार रुपये नफा मांडतो. मात्र पाऊस लांबला, पेरण्या रखडल्या आणि सातशेच पाकिटे खपली. उरलेल्या तीनशे पाकिटांतील जिवाणू पुढच्या हंगामाची वाट पाहत नाहीत. ती टाकून द्यावी लागतात. हाती आले सतरा हजार पाचशे, खर्च झाले अठरा हजार. पाचशे रुपये तोटा. यात दुकानदाराचे कमिशन धरलेले नाही, उधारी धरलेली नाही, आणि विद्यार्थी ज्याचा हटकून विसर पाडतात ती स्वतःची मजुरीही धरलेली नाही. 'आम्हीच केले, मजुरी कशाची?' असे ते म्हणतात. महाविद्यालयाची वीज, महाविद्यालयाचे निर्जंतुकीकरण यंत्र आणि आपले कष्ट फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हे, हे समजण्यास विज्ञान शाखेची भिंत ओलांडावी लागते. वाणिज्य शाखेचा शिक्षक बहुधा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसलेला असतो. दोन जिन्यांचे हे अंतर अनेक महाविद्यालयांत पन्नास वर्षांत तुटलेले नाही.

ग्राहकाला भेटण्याचेही एक तंत्र असते. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन गावात जातात आणि विचारतात, "काका, असे पाकीट आम्ही दिले तर घ्याल का?" काका म्हणतात, "घेऊ की." खेड्यातील माणूस दारी आलेल्या मुलांना नाही म्हणत नाही. त्या 'हो'वर विसंबून उद्योग उभारणे म्हणजे पाहुणचारालाच मागणी समजणे होय. त्याऐवजी विचारावयाचे असते ते असे: गेल्या वर्षी बियाण्याला काय चोळले होते? ते कोठून आणले? रोखीने की उधारीवर? चोळताना काय अडचण आली? ज्याने गेल्या वर्षी काहीच चोळले नाही त्याने का चोळले नाही? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातच धंद्याची खरी किल्ली असण्याचा संभव अधिक. कदाचित पेरणीच्या धांदलीत ओले बियाणे सावलीत सुकविण्यास त्या घरात माणूस नसेल. तर त्या घराला पाकीट नको, बियाणे चोळून देणारा माणूस हवा आहे. कदाचित गेल्या खेपेचे पाकीट निकामी निघाले असेल. कदाचित दुकानदाराने हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनसाठी दिले असतील आणि फरक न दिसल्याने शेतकऱ्याचा विश्वास उडाला असेल. एका पिकाचे जिवाणू दुसऱ्या गटातील पिकाच्या मुळांवर गाठी करीत नाहीत, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य विद्यार्थ्याला परीक्षेपुरते पाठ असते. शेतकऱ्याने त्याची किंमत मोजलेली असते.

हक्क कोणाचा?

पुष्कळ विद्यार्थ्यांची आणि काही शिक्षकांचीही अशी कल्पना असते की नवीन काही सापडले की त्याचे पेटंट घ्यावे आणि मग पैसा आपोआप येतो. या दोन्ही समजुती दूर केल्या पाहिजेत. वर सांगितलेला जिवाणू एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या मातीतून वेगळा केला आणि तो फार गुणी निघाला, तरी निसर्गात आढळणाऱ्या सजीवाचा केवळ शोध भारतीय कायद्यानुसार पेटंटास पात्र ठरत नाही. त्याला अधिक काळ जिवंत ठेवणारी एखादी नवी प्रक्रिया मात्र पात्र ठरू शकते. तेथेही घाईने घात होतो. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात तक्ता लावून, वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी देऊन जी युक्ती जाहीर झाली, तिचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने त्याच दिवशी संपते. शासनाने अधिसूचित केलेली प्रदर्शने आणि विद्वत्सभांपुढे वाचलेले निबंध यांच्यापुरती बारा महिन्यांची सवलत आहे. गावच्या विज्ञान प्रदर्शनाला ती नाही. आधी तात्पुरते विवरण दाखल करावे, बारा महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे आणि मग खुशाल हारतुरे घ्यावेत, हा क्रम शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पढविला पाहिजे. शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटच्या शुल्कात २०२१ साली ऐंशी टक्के सूट देण्यात आली, ही माहितीही सर्व महाविद्यालयांपर्यंत पोहोचावयास हवी.

लिहून ठेवण्याचे महत्त्व हळदीच्या प्रकरणाने सर्व देशाला शिकविले. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेतील एका विद्यापीठाला १९९५ साली तेथील पेटंट मिळाले. आपल्याकडील कोणत्याही आजीला ते ऐकून हसू आले असते, परंतु आजीचे हसू पुरावा म्हणून चालत नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत दाखले आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक निबंध यांसारखी बत्तीस कागदपत्रे सादर केली, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. म्हणून प्रयोगवही ही गुण मिळविण्यासाठी सुंदर अक्षरात मागाहून उतरवून काढण्याची वस्तू नसून दिनांकासह, खाडाखोडीसह, शिक्षकाच्या सहीसह त्याच दिवशी लिहावयाची वस्तू आहे, ही सवय पहिल्या वर्षीच लागली पाहिजे. प्रयोगवह्या 'फेअर' करून घेण्याची आपली परंपरा या दृष्टीने घातक आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

येथे पंचायत सदस्यांचाही संबंध येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते आणि तिने लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार करावयाची असते. आपल्या मातीतील, रानातील जैविक साधनाच्या आधारे कोणी पेटंटची इच्छा धरली तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी त्याचा संबंध येतो. गावाच्या नोंदवहीत जे लिहिलेले असेल त्याला अशा वेळी मोल येते. ही नोंदवही अनेक ठिकाणी एखाद्या संस्थेकडून तयार करवून घेतली जाते आणि पंचायतीच्या कपाटात पडून राहते. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे तिचे काम दर वर्षी सोपविले, तर नोंदवही जिवंत राहील आणि विद्यार्थ्यांना हक्काचा विषय पुस्तकाबाहेर समजेल.

ज्याने शोध लावला त्यानेच कारखाना काढला पाहिजे असेही नाही. मतदानानंतर बोटाला लागणारी शाई हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ती सिद्ध केली, राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाच्या द्वारे तिच्या उत्पादनाचा परवाना म्हैसूरच्या रंगाच्या कारखान्याला मिळाला आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आली. प्रयोगशाळेने शाई विकण्याचे दुकान मांडले नाही आणि कारखान्याने संशोधनाचा आव आणला नाही. परवान्याचा करार म्हणजे काय, मोबदला एकरकमी घ्यावा की विक्रीच्या प्रमाणात, करारात काय लिहावे आणि काय सोडून देणे महागात पडते, हे शिकविण्यासाठी ज्याची खूण प्रत्येक मतदाराच्या बोटावर उमटली आहे अशा वस्तूपेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

शिक्षकांच्या शंका

काही जुन्या शिक्षकांना या साऱ्या गोष्टी रुचत नाहीत. विज्ञान हे सत्यशोधनासाठी आहे, त्याला वाण्याच्या तराजूत घालू नये, असे ते म्हणतात. या आक्षेपामागील तळमळ खरी आहे आणि ती टाकाऊ नाही. ज्याला तारे किंवा समीकरणे यांतच आनंद आहे त्या विद्यार्थ्याला पाकिटे विकावयास लावणे हा अन्याय होईल. म्हणून हा विषय सक्तीचा करण्यापेक्षा ऐच्छिक ठेवणे बरे. परंतु बाजारात गेल्याने विज्ञान ढिले होते, हा समज मात्र बरोबर नाही. अनुमापनात अर्ध्या मिलिलिटरची चूक परीक्षक पोटात घालतात. पाकिटातील जिवाणूंची चूक शेत पोटात घालत नाही. विकत घेणाऱ्याच्या पैशाची जाणीव असलेला विद्यार्थी मोजमापात अधिक काटेकोर होतो, उणा नव्हे. आणि त्याला खोटे बोलण्याचा मोह कोठे होतो हेही कळते: मुदत वाढवून छापण्यात, एका चांगल्या शेताचे छायाचित्र दाखवून नऊ वाईट शेते लपविण्यात. हा मोह वर्गात, शिक्षकांच्या समोर अनुभवलेला बरा.

दुसरी शंका वेळेची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्य, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. तेव्हा तासिका नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. भीती आहे ती वेगळीच. हे श्रेयांक पाहुण्यांची व्याख्याने, चकचकीत आराखडे आणि 'उद्योजकता सप्ताहा'ची छायाचित्रे यांत संपून जातील. शंभर कोटींच्या काल्पनिक उलाढालीचा तक्ता भिंतीवर दाखवून पारितोषिक मिळविणाऱ्या गटापेक्षा तीनशे पाकिटे का उरली याचा प्रामाणिक वृत्तान्त लिहिणाऱ्या गटाला अधिक गुण मिळाले पाहिजेत. विद्यापीठांनी गुणांकनाच्या नियमांत अपयशाच्या वृत्तान्तासाठी जागा ठेवली नाही, तर विद्यार्थी यशाचेच वृत्तान्त रचून देतील.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ साली सुरू झालेल्या 'व्हेंचर सेंटर'सारख्या केंद्रांनी संशोधकांना उद्योग उभारण्यास जागा, उपकरणे आणि सल्ला देण्याचे काम केले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयाने त्यांची नक्कल करण्याच्या भरीस पडू नये. तेथे वातानुकूलित दालन उभारण्यापेक्षा कृषी सेवा केंद्राच्या मालकाला वर्षातून चार वेळा वर्गात बोलावणे अधिक फलदायी होईल. कोणता माल उचलतो आणि कोणता धूळ खातो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असते?

पहिले गिऱ्हाईक

आता अधिकारी व पंचायत सदस्य यांच्याकडे वळावयास हवे, कारण नव्या वस्तूचे पहिले गिऱ्हाईक पुष्कळदा शासनच असते. पिण्याच्या पाण्याचेच पाहा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय संचाच्या साहाय्याने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आखली गेली. हे संच वापरणाऱ्या महिलांच्या शंका दूर करणे, संपत आलेली द्रव्ये वेळेवर पुरविणे, संशयास्पद नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविणे आणि आलेला अहवाल ग्रामसभेला समजेल अशा भाषेत सांगणे, हे एका विज्ञान पदवीधराचे दहा-बारा गावांतील वर्षभराचे काम होऊ शकते. यात शोध नाही, पेटंट नाही. पण सेवा आहे, आणि तिचे मोल देणारी ग्रामपंचायतही आहे. मात्र ते मोल वेळेवर दिले गेले पाहिजे. लहान उद्योगाचे देणे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. देयक सहा महिने अडकले तर मोठा पुरवठादार वाट पाहतो. नुकताच पदवी घेतलेला तरुण पाहू शकत नाही. तो उद्योग बंद करतो आणि लिपिकाच्या जागेचा अर्ज भरतो. असे देयक ज्या टेबलावर अडते, तेथील सहीवर त्याचे सारे शिक्षण अवलंबून असते, याची जाणीव त्या टेबलावर बसणाऱ्यास असणे अगत्याचे आहे.

निविदेतील अटींचेही तसेच. तीन वर्षांचा अनुभव आणि अमुक लाखांची उलाढाल मागितली की नवा माणूस दारातच थांबतो. केंद्र शासनाच्या खरेदीत मान्यताप्राप्त नवउद्योगांना या दोन अटींतून सूट देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातही नवउद्योग धोरण २०१८ साली आखले गेले आणि निवडक नवउद्योगांना शासकीय विभागांत प्रत्यक्ष काम करून दाखविण्याची संधी देण्यात आली. तथापि जिल्हा आणि तालुका पातळीवरील छोट्या खरेदीत या तरतुदीचा वापर कितपत होतो, हे प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयाची गेल्या वर्षीची खरेदी काढून पाहावे.

शेवटी एक किरकोळ वाटणारी परंतु सगळे ठरविणारी अडचण सांगितली पाहिजे. महाविद्यालयाचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचे जुळत नाही. गाठी गोळा करावयाच्या त्या श्रावण-भाद्रपदात, तेव्हा विद्यार्थी असतात. परंतु पाकिटे भरणे, मोजणी करणे आणि दुकानात पोहोचविणे हे काम येते एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळी आधी परीक्षा आणि मग सुट्टी. प्रयोगशाळेला कुलूप, परिचर गावी गेलेला, शीतकपाट विजेच्या काटकसरीसाठी बंद केलेले. एवढे सारे शिकून तयार केलेले जिवाणू त्या बंद कपाटात मरत जातात. तेव्हा जे महाविद्यालय हा उपक्रम हाती घेऊ इच्छिते त्याने अभ्यासक्रमाचा मसुदा मंजुरीसाठी पाठविण्यापूर्वी आपल्या व्यवस्थापन समितीपुढे एक साधा ठराव ठेवावा: मे महिन्यात प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे राहील, शीतकपाट चालू ठेवण्याचे वीजबिल कोणत्या शीर्षाखाली टाकले जाईल, आणि सुट्टीत येणाऱ्या चार विद्यार्थ्यांना एस.टी.चे भाडे कोण देईल.